आजी धरते

मामानं भाचीला खेळणं पाठवावं ते कसं, तर घरातल्या मोठ्या माणसांना आठवडाभर भांडायला पुरेल असं. खोका दारात उतरला तेव्हा फुगीच्या आईला वाटलं गादी आली, बाबाला वाटलं टेबल आलं. खोक्यावरचं चित्र नीट पाहिलं ते फक्त आजीनं. हातातला चहाचा कप तिनं तसाच खिडकीत ठेवला आणि खोक्यापाशी खाली बसली. बसताना गुडघे कुरकुरले, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"ट्रॅम्पोलीन आहे," ती म्हणाली. "लहान मुलांचं!"

"परत पाठवा," फुगीची आई म्हणाली.

दुसऱ्या कुठल्याही घरात विषय तिथंच मिटला असता. पण या घरातल्या दोन बायकांचे पेशेच असे होते की तो मिटणं शक्य नव्हतं. सून इस्पितळात हाडांच्या विभागात प्लास्टर घालायची. ओली पट्टी गुंडाळता गुंडाळता ती रडणाऱ्या पोरांना विचारायची, "कसा रे पडलास?" आणि मिळालेलं उत्तर घरी येऊन जेवताना सगळ्यांना ऐकवायची. कोणी झाडावरून, कोणी सायकलवरून, आणि सुट्टीच्या दिवसांत हमखास कोणीतरी ट्रॅम्पोलीनवरून. सासूनं मात्र उभा जन्म ट्रॅम्पोलीनशेजारी काढला होता. नगरपालिकेच्या व्यायामशाळेत ती मुलांना उड्या शिकवायची. सगळं गाव तिला 'उडीबाई' म्हणायचं; खरं नाव पगाराच्या दिवशी सहीपुरतं लागायचं तेवढंच. एकीनं पोरं उडवायची आणि दुसरीनं ती जोडायची, असा या घराचा कारभार होता.

आणि दोघींच्या मध्ये फुगी. तिसरं वर्ष अजून पुरं व्हायचं होतं. गाल असे की जन्मली त्याच दिवशी सुईणीनं तिला फुगी म्हटलं आणि पुढं ठेवलेलं नाव कागदावरच राहिलं. चालायला लागल्यापासून ती चाललीच नव्हती, पळतच होती.

खरं सांगायचं तर प्रश्न ट्रॅम्पोलीनचा नव्हताच. सुनेची लांबवत लांबवत आणलेली रजा या महिन्याच्या अखेरीला संपत होती. ती कामावर रुजू झाली की दिवसभर फुगी कोणाजवळ? आजीजवळ, की कोपऱ्यावरच्या पाळणाघरात? सून यावर काही बोलत नव्हती. पण ती गुपचूप पाळणाघर पाहून आली होती आणि आजीला ते कळलं होतं. लेकाच्या घरी काय लपतं? आजीला नात हवी होती. दिवसभर, सकाळच्या दुधापासून संध्याकाळच्या मळक्या फ्रॉकापर्यंत, सगळीच्या सगळी हवी होती. पण ती काही मागत नसे. जन्मभर शिट्टी वाजवून हुकूम सोडलेल्या बाईला सुनेपुढं 'दे ना' म्हणणं जड जात होतं.

तोडगा काढला फुगीच्या बाबानं. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर लोकांना 'आता बरं दिसतंय की मघाशी?' असं विचारून विचारून त्याला कुठल्याच बाजूनं ठाम बोलण्याची सवय राहिली नव्हती. "आधी जोडून तर पाहू," तो म्हणाला. "नाही पटलं तर खोका आहेच."

परसात हिरवळ होती, तिथं ते जोडलं. गुडघ्याएवढं उंच, गोल, भोवती आजीच्या छातीपर्यंत येणारी जाळी, धरायला आडवा दांडा, स्प्रिंगांवर जाड गादीची झालर. जोडण्याआधी आजीनं हिरवळीतला प्रत्येक खडा वेचला होता आणि कपडे वाळत घालायची तार सोडवून पलीकडच्या भिंतीला बांधली होती. सून हाताची घडी घालून पायरीवर उभी होती.

"एका वेळी एकच मूल," सून म्हणाली.

"अर्थात. आणि मोठं माणूस आत नाहीच नाही. बाप कौतुकानं सोबत उड्या मारायला जातो आणि त्याच्याच वजनानं पोरगी उडून पडते."

"जाळी कायम बंद."

"आणि बंद झाली का ते ओढून पाहायचं. नुसती लावली म्हणून भागत नाही."

"पायात मोजे नकोत."

"केसात पिनही नको. गळ्यात काही नको."

"कोलांटी उडी—"

"या वयात? नाव काढू नकोस!"

"आत खेळणी न्यायची नाहीत."

"बाहुलीसुद्धा नाही. तिच्यावरच पाय मुरगळतो."

"दमली की लगेच खाली."

"दमायच्या आधी खाली," आजी म्हणाली. "दमलेलं मूल हट्ट करतं, आणि हट्टातली उडी वाकडी जाते."

भांडायला म्हणून यावं आणि समोरच्यानं आपल्याच बाजूनं आपल्यापेक्षा जोरात भांडावं, याचा राग फार येतो. तसा तो सुनेलाही आला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी उभ्या असाल तेव्हाच. पण आई, एक जरी दुखापत झाली ना, तर मी पाळणाघराचं नक्की करून टाकीन. मग मला कोणी काही बोलायचं नाही."

इतके दिवस मनात ठेवलेलं एकदाचं बोलून झालं. आजीनं मान हलवली आणि झालरीची गाठ उगाचच पुन्हा आवळली.

दुपारी झोप झाली की फुगी परसात यायची. आजी तिला उचलून आत ठेवायची, जाळी बंद करून ओढून पाहायची आणि मग जाळीच्या तोंडाशी, पदर खोचून, दोन्ही हात जाळीवरून आत घालून उभी राहायची. फुगी दांडा धरायची, ओठ घट्ट मिटायची आणि उडायची. उडायची म्हणजे काय, टाचा जेमतेम सुटायच्या. पण तिला वाटायचं आपण छपरापर्यंत गेलो. ती प्रत्येक उडीला वर पाहून खात्री करून घ्यायची.

खालून कापड दबलं की स्प्रिंगा बारीक आवाज करायच्या. डोळे मिटायचीही गरज नसायची. त्या आवाजासरशी आजी व्यायामशाळेत पोहोचलेली असायची. त्या उंच खिडक्या, त्यांतून तिरपं येणारं ऊन आणि उन्हात तरंगणारी खडूची भुकटी. काथ्या भरलेल्या मॅटांचा तो कुबट, आंबूस वास, जो बाहेरच्यांना नकोसा वाटायचा आणि तिला पावडरीसारखा अंगाला लागलेला असायचा. मधोमध मोठं ट्रॅम्पोलीन. भिंतीला चिकटून रांगेत बसलेली पोरं, अनवाणी, पायाचे अंगठे हलवत आपल्या पाळीची वाट पाहणारी. फुगीचा बाबा तेव्हा तान्हा होता. सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून ती त्याला मॅटांच्या कोठारात, गुंडाळलेल्या दोन मॅटांच्या मध्ये निजवायची. बाहेर पोरं धडाधड उड्या मारायची आणि हा आत ढाराढूर. घरी आणलं की शांततेनं जागा व्हायचा आणि रडायचा.

तिचं कसब सगळं हातांत होतं. पोर वर गेलं की तिचे हात वर जायचे, खाली आलं की खाली यायचे. एक पोटाशी, एक पाठीशी, अंगाला न लागता. पोराला ते दिसायचे नाहीत, फक्त आहेत हे ठाऊक असायचं. तोल गेला की त्या क्षणी ते हात तिथं हजर. उडीबाईंच्या हातून पोर जमिनीवर आलं असं गावात कोणी सांगू शकलं नसतं. आईबाप निर्धास्तपणे मुलं सोडून बाजारात निघून जायचे. ती मुलं आता पोक्त झाली होती, टकलं पडली होती, पण रस्त्यात भेटली की अजूनही हातातली पिशवी खाली ठेवून ताठ उभी राहायची.

व्यायामशाळा मोडून आता तिथं न्हाणीघराच्या सामानाचं दुकान झालं होतं. आजी एकदा मुद्दाम गेली होती. दार तेच होतं. ट्रॅम्पोलीन असायचं नेमक्या त्या जागी एक भलामोठा पांढरा टब मांडला होता. ती त्याच्याकडे इतका वेळ पाहत उभी राहिली की विकणाऱ्या मुलीनं येऊन विचारलं, "आजी, मोजमाप आणलंय का?" घरी येऊन तिनं ते सगळ्यांना हसत हसत सांगितलं होतं. पुन्हा मात्र त्या रस्त्यानं गेली नव्हती.

म्हणून फुगीच्या त्या टीचभर उड्या तिला सोन्यासारख्या वाटायच्या. इतक्या वर्षांनी हातांना हातांचं काम मिळालं होतं.

मग एके दुपारी फुगीचा तोल गेला. ती आडवी कलली आणि आजीच्या हातांनी तिला अलगद झेललं. दोघींच्याही तोंडून एकदम "अरेच्चा!" निघालं. फुगी खदखदून हसली. पुन्हा उभी राहिली, दोन उड्या मारल्या आणि या वेळी मुद्दाम, "पडलेऽऽ!" असं ओरडून तिनं अंग सोडून दिलं. आजीनं झेललं. फुगीला उडीपेक्षा हाच खेळ आवडला. डावीकडे पडले, उजवीकडे पडले, पाठीवर पडले. सगळीकडे आजी. तिचा जीव सुपाएवढा झाला. ही पोरगी आपल्यावर केवढा भरवसा टाकते! व्यायामशाळेच्या हॉलमधल्या पोरांनीही इतका टाकला नव्हता. रोज दुपारी तो खेळ वाढत गेला आणि उड्या कमी कमी होत गेल्या. हे आजीच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी तिनं तो थांबवला असता असं वाटत नाही. त्या खेळात तिलाच जास्त गोडी लागली होती.

ते घडलं रविवारी सकाळी. आजी आत न्हाणीत होती. सून कपडे वाळत घालत होती. बाबा सोफ्याशेजारी खाली बसून पंख्याचा स्क्रू शोधत होता. फुगी सोफ्यावर चढली, सोफ्याच्या हातावर उभी राहिली. बाबानं वर पाहिलं, तोवर ती आनंदानं "पडलेऽऽ!" म्हणून ओरडली आणि तिनं समोरच्या रिकाम्या हवेत अंग सोडून दिलं.

आवाज परसापर्यंत गेला. आजी ओल्या केसांनी धावत आली तेव्हा सुनेनं फुगीला मांडीवर घेतलं होतं. कपाळावर टेंगूळ, वरचा ओठ फुटलेला, फ्रॉकवर थोडं रक्त. सून तिची मनगटं, कोपरं, खांदे एकेक करून दाबून पाहत होती. तिचे हात कामावरच्यासारखे शांत होते. चेहरा तेवढा पांढरा पडला होता.

"मोडलं नाही कुठं," ती म्हणाली. मग तिनं फुगीला विचारलं, दिवसभर पोरांना विचारायची त्याच आवाजात, "कशी गं पडलीस?"

फुगीनं हुंदके देत आजीकडे बोट दाखवलं. त्या बोटात राग होता. "आजी धरते," ती म्हणाली. "आजी धरते ना!"

बाबा अपराध्यासारखा स्क्रू मुठीत धरून उभा होता. "माझंच चुकलं, मी जवळ असून—" त्यानं सुरुवात केली.

"तुझं नाही," सून म्हणाली. ती आजीकडे वळली. आवाज चढवला असता तर आजीला सोपं गेलं असतं. पण तिनं चढवला नाही. "आई, ती पडली नाही. तिनं अंग सोडलं. कामावर मी रोज पडलेली मुलं पाहायचे. कितीही लहान असू दे, पडताना हात पुढं येतात. म्हणून तर मनगटं मोडतात. हिचं तोंड पाहा, हात पुढं आलेच नाहीत. तोंडावरच आली. तिला वाटलं कोणीतरी धरणारच."

आजीच्या केसांतलं पाणी खांद्यावर ठिबकत होतं.

"मी उद्या पाळणाघरात नाव घालून येते," सून म्हणाली. "आणि ते परसातलं मोडून खोक्यात भरा."

आजी परसात जाऊन बसली. मोडून ठेवायला म्हणून गेली होती, पण पान्याला हात लावला नाही. तिला हॉलमधला पहिला तास आठवत होता. दर वर्षी नवी पोरं यायची, सगळ्यांना एकदम उंच उडायचं असायचं, आणि उडीबाई त्यांना आठवडाभर उडूच द्यायची नाही. आधी थांबायला शिका, ती म्हणायची. गुडघे मऊ करून उडी जिरवायला शिका. आधी पडायला शिका, बुडावर, हातांवर, गुडघ्यांवर. पोरं कंटाळायची, आईबाप कुरबुर करायचे, पण ती हलायची नाही. तिचे हात असायचे ते त्याच्यानंतर, चुकून माकून लागले तर. गावच्या पोरांना जे तिनं पहिल्या दिवशी शिकवलं होतं, ते स्वतःच्या नातीला शिकवायचं राहून गेलं होतं. राहून कसलं, टाळलं होतं. पोरगी पडली की अंगावर येते, मऊ, गरम, हसत. ते सुख सोडवत नव्हतं. सून बरोबर बोलली होती, एकेक शब्द बरोबर, आणि तिला त्याचीच लाज वाटत होती.

संध्याकाळी सून भांडी विसळत होती. आजी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि एक ताट पुसायला घेतलं.

"महिना संपायला अजून थोडे दिवस आहेत," ती म्हणाली. "तेवढे मला दे."

सुनेनं नळ बंद केला. सासूच्या तोंडून 'दे' हा शब्द तिनं लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता.

"कशाला, आई?"

"तिला मी चुकीचं शिकवलं. ते पुसून काढायला हवं. पाळणाघरात घाल हवं तर, मी अडवत नाही. पण अशी घातलीस तर ती तिथंही घसरगुंडीवरून अंग सोडील. तिथं कोण धरणार?"

सुनेनं आजीच्या हातातलं पुसलेलं ताट घेऊन फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "ओठ बरा होऊ दे. आणि मी समोर बसणार."

"बस की. मलाही कोणीतरी समोर हवंच आहे."

ओठाची खपली पडल्यावर शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी उडी नाहीच. आजीनं जाळी बंद केली, ओढून पाहिली आणि आपले दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. सून पायरीवर बसली होती.

"फुगे, बेडूक कसा बसतो?"

फुगी बेडकासारखी बसली.

"गुडघे मऊ. शाब्बास. आता उभं राहायचं, आणि मी 'थांब' म्हटलं की बेडूक."

तेवढं फुगीला जमलं आणि आवडलंही. पण मग तिला जुना खेळ आठवला. तिनं आजीकडे पाहून डोळे मिचकावले, "पडलेऽऽ!" म्हटलं आणि बाजूला अंग टाकलं.

आजीचे खांदे पुढं झेपावले. हात मागंच राहिले, पण ते कसे राहिले ते तिचं तिला माहीत. एका हातानं दुसऱ्याचं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. फुगी कापडावर धप्पकन पडली. लागण्यासारखं काही नव्हतं, कापड मऊ होतं. तरी तिनं असा टाहो फोडला की शेजारच्या गच्चीवर कोणीतरी डोकावलं.

सून पायरीवरून ताडकन उठली होती.

"सूनबाई, बस!" आजी ओरडली. तो आवाज घरात कोणी कधी ऐकला नव्हता. तो हॉलमधला होता. सून मुकाट्यानं खाली बसली आणि मग आपण बसलो याचंच तिला नवल वाटलं.

"आई, रडतेय ती."

"रागावलीय. लागलं नाही. तुला कळतं की फरक, माझ्यापेक्षा जास्त कळतो. रडण्यावरून सांग, लागलंय?"

सुनेनं कान देऊन ऐकलं. "नाही," ती नाइलाजानं म्हणाली. "लागल्याचं नाहीये."

फुगी रडता रडता आजीच्या हातांकडे पाहत होती. ते कुठं गेले ते तिला समजत नव्हतं. तिनं मान तिरकी करून आजीच्या पाठीमागं पाहायचा प्रयत्न केला. मग जाळीला तोंड लावून ती म्हणाली, "आजी, धर ना."

त्या दिवशी आजी जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली. लेकानं विचारायला तोंड उघडलं, तर बायकोनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी फुगीनं आजीशी कट्टी केली, आत जायलाच नकार दिला आणि हिरवळीवर पाय पसरून बसली. आजी बळजबरी करणाऱ्यातली नव्हती. ती नुसती शेजारी बसली. मग स्वतःच बेडूक झाली. साठी उलटलेली बाई परसात बेडूक होऊन बसलेली पाहिल्यावर कोणाचा राग टिकेल? उठताना तिला उठवेना, तेव्हा तिनं आधी एक हात टेकला, मग दुसरा, मग गुडघा, आणि "हं, अशी उठली आजी!" म्हणत उभी राहिली. फुगी टक लावून पाहत होती. तिनंही हात टेकला, दुसरा टेकला, गुडघा टेकला. "हं, अशी उठली फुगी!" मग स्वतःच जाळीपाशी जाऊन उभी राहिली.

सून पायरीवरून हे सगळं पाहत होती. पहिल्या दिवशी ती हात आवळून बसली होती. चौथ्यापाचव्या दिवशी तिनं चहा आणला. त्यानंतर ती मधूनमधून बोलायला लागली. "आई, डावा पाय आत पडतोय तिचा." "पडतोय खरा. अंगठा बाहेर, फुगे!" एकदा तर दोघी एकाच श्वासात "गुडघे मऊ!" म्हणाल्या आणि दोघींनी एकदमच दुसरीकडे पाहिलं. आजी हॉलच्या गोष्टी सांगायची. मॅटांच्या कोठारात कोण निजायचं ते ऐकून सुनेला इतकं हसू आलं की तिनं आत जाऊन नवऱ्याला त्यावरून छळलं. "म्हणून तू घरात एवढी आदळआपट असली की घोरतोस होय?" ती म्हणाली. सुनेला असं मोकळं हसताना आजीनं फारसं पाहिलं नव्हतं. आपण दोघी इतकी वर्षं एकाच घरात राहिलो आणि एकमेकींचं काम कधी विचारलंच नाही, असं तिला वाटलं.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. दुसऱ्या दिवशी सून कामावर जाणार होती. तिचा पांढरा गणवेश इस्त्री करून दाराच्या कडीला लावला होता. पाळणाघराचं नक्की काय झालं, आजीनं विचारलं नव्हतं. सुनेनं सांगितलं नव्हतं. आजीनं मनाशी ठरवून टाकलं होतं की जाईलच; आणि जाणारच असेल तर निदान नीट पडता येणारी जाऊ दे.

ऊन कलल्यावर सगळे परसात आले. बाबासुद्धा आला आणि जाळीपासून लांब उभं राहण्याची ताकीद घेऊन लांब उभा राहिला. आजीनं जाळी ओढून पाहिली.

फुगी उडाली. गुडघे मऊ, थांब, बेडूक. पुन्हा उडी. आज तिला भलताच चेव चढला होता. दांडा सोडून मधोमध आली, एक उडी मारली, दुसरी मारली, आणि तिसरीला पाय खरोखरच वाकडा पडला. हा खेळ नव्हता. "पडले" म्हणायलाही तिला वेळ मिळाला नाही.

आजीचे हात मागं होते. पण त्या क्षणी ते सुटले आणि आपोआप पुढं गेले, इतक्या वर्षांची सवय ती. पोहोचले मात्र उशिरा. त्याच्या आधीच फुगीचे दोन छोटे पंजे कापडावर टेकले होते, मग गुडघे टेकले, आणि ती चार पायांवर टुणकन वरखाली झाली. तोंड कापडापासून वीतभर वर राहिलं होतं.

सुनेचा हात तोंडावर गेला होता.

फुगीनं डोकं वर केलं. समोर आजीचे हात होते, आत आलेले, उघडे. इतके दिवस ज्यांच्यासाठी तिनं टाहो फोडला होता तेच. तिनं ते पाहिले, एका हातानं बाजूला सारले आणि म्हणाली, "हात नको."

मग एक हात टेकला, दुसरा टेकला, गुडघा टेकला आणि ती उभी राहिली.

आजीनं हात जाळीवरून बाहेर घेतले. ते कुठं ठेवावेत ते तिला सुचेना. तिनं ते पदराला पुसले.

सून जवळ आली होती. "हात पुढं आले," ती हळू म्हणाली. "पाहिलंत ना, आई? दोन्ही आले." आणि मग थोडं थांबून, "पाळणाघरात मी नाव घातलंच नाही. ती पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी निघाले होते, पण अर्ध्या वाटेवरून परत आले. उद्यापासून तुमच्याजवळच राहील ती. राहू दे ना?"

जे हवं होतं ते मिळालं होतं, तेही सुनेनंच मागून. आजीला हसायचं होतं. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"आई, अहो, काय झालं?"

"काही नाही गं." आजीनं नाक ओढलं. "हॉलमध्ये दर वर्षी व्हायचं हे. पोरं शिकली की एक दिवस म्हणायची, बाई, आता हात नको. त्यासाठीच तर शिकवायचं असतं. तरी घरी येऊन मी रडायचे. मधल्या काळात सवय मोडली बघ."

सुनेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. त्या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

"आजी!" आतून हाक आली. फुगी दांडा धरून, ओठ मिटून, उडी मारायच्या बेतात उभी होती. पण उडत नव्हती. तिला काहीतरी कमी पडत होतं. "आजीऽऽ! हात नको. पण तू बघ ना!"

"बघते हो राणी," आजी म्हणाली, आणि पदरानं डोळे कोरडे करून जाळीपाशी जाऊन उभी राहिली.